पाणंदीची गाडी: नवी फोर बाय फोर बुक करताना काय मागायचं, काय सोडायचं

शोरूमला जाताना मी गमबूट सोबत नेले होते. टेस्ट ड्राइव्ह द्यायला आलेल्या मुलाला म्हटलं, पाच मिनिटं थांब, आणि तिथल्याच खुर्चीवर बसून ते पायात चढवले. वर्षातले चार महिने माझे पाय त्याच बुटांत असतात. क्लच दाबताना बुटाचा पंजा ब्रेकला लागतो का, पाय उचलताना टाच कुठं अडकते का, हे चपला घालून बसले असते तर मला कळलंच नसतं. त्या दिवशी एक गाडी एवढ्याच कारणानं माझ्या यादीतून गेली. बाकी सगळं तिच्यात उत्तम होतं, पण पेडल जवळजवळ होते.

मी गुरांची डॉक्टर आहे. घर कोल्हापूरजवळ कळंब्याला, काम कळे, साळवण, गगनबावडा या पट्ट्यात. डांबरी रस्त्याची तक्रार नाही. पण म्हैस डांबरी रस्त्यावर विते थोडीच? गोठा असतो पाणंदीच्या टोकाला, नाहीतर डोंगराच्या अंगाला एखाद्या धनगरवाड्यावर. तिथवर जाणारी वाट उन्हाळ्यात जांभ्या दगडाची आणि पावसाळ्यात लाल लोण्यासारखी होते.

माझी आधीची गाडी दिसायला उंच होती, लोक तिला एसयूव्हीच म्हणायचे. ताकद मात्र फक्त पुढच्या दोन चाकांना. दोन पावसाळ्यांमागं जुलैत रात्री साडेअकराला फोन आला, ‘मॅडम, म्हस अडलीया, रेडकू आडवं हाय, लवकर या.’ वाडा दोन किलोमीटर राहिला असताना चढाला गाडीनं मान टाकली. पुढचं डावं चाक जागेवर गरगरत राहिलं, गाडी तसूभर हलेना. औषधांची पेटी डोक्यावर घेऊन मी चालत गेले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. पाऊण तास आधी पोचले असते तर दोन्ही वाचले असते, हे मला त्या गोठ्यात उभं असतानाच माहीत होतं. त्या घरच्या माउलीनं मला एक शब्द बोलला नाही, उलट चहा दिला. परतीच्या वाटेवर मी ठरवलं की पुढची गाडी घेताना कुणाच्या कौतुकावर जायचं नाही, एकेक गोष्ट समजून घ्यायची.

पुढं लिहिते ते त्या समजून घेण्यातून आलं आहे. तुमचं काम वेगळं असेल. कुणाचा ऊस असेल, कुणाची काजूची बाग आजऱ्याच्या बाजूला असेल, कुणाला नुसतंच आंबोली-भुईबावड्याकडं फिरायचं असेल. पण विचाराचा क्रम तोच राहतो.

माहितीपत्रक खालून वर वाचा

कंपनीचं माहितीपत्रक वरून खाली लिहिलेलं असतं. आधी सनरूफ, मग मोठा स्क्रीन, मग सीटचं कापड, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टायर, गिअर आणि डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणारा भाग. तुम्ही शेवटच्या पानापासून सुरुवात करा. गाडीच्या पोटाखाली जे आहे ते कारखान्यातून येतं तसंच राहतं. नंतर पैसे घेऊन उद्यमनगरातल्या वर्कशॉपसमोर उभे राहिलात तरी दोन चाकांच्या गाडीची चार चाकांची कुणी करून देणार नाही. स्क्रीन, स्पीकर, सीट कव्हर, मॅट हे सगळं मात्र कधीही बसवता येतं, आणि पुष्कळदा शोरूमपेक्षा स्वस्तात. म्हणून कागदावर दोन रकाने पाडा: ‘नंतर होणार नाही’ आणि ‘नंतर होईल’. पैसे आधी पहिल्या रकान्यावर लावा.

पहिल्या रकान्यात सगळ्यात वर येतं फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद. आणि इथंच माणूस फसतो, कारण एकाच नावाच्या, एकाच तोंडवळ्याच्या गाडीत दोन्ही प्रकार मिळतात. महिंद्रा थारचं तीन दारांचं १.५ लिटर डिझेल मॉडेल २०२३ साली आलं, ते फक्त मागच्या चाकांवर चालतं. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी १८ टक्के पडतो. २.२ लिटरच्या फोर बाय फोरवर तो ४० टक्के आहे. किमतीतला फरक मोठा दिसतो तो यामुळंही. पाच दारांच्या थार रॉक्समध्ये पेट्रोल घेतलं तर फोर बाय फोर मिळतच नाही. डिझेलमध्येही ते एमएक्स५, एएक्स५एल आणि एएक्स७एल या पायऱ्यांवरच, म्हणजे व्हेरियंटवरच आहे. उलट मारुतीच्या जिमनीत झेटा आणि अल्फा या दोनच पायऱ्या, आणि दोन्हींत फोर बाय फोर आहेच. फोर्स गुरखातही ते आहेच. तेव्हा ‘थार बुक केली’ एवढ्या वाक्याला काही अर्थ नाही. कुठली थार?

मला एका शोरूममध्ये सांगितलं गेलं, ‘मॅडम, फोर बाय फोरला थांबायला लागेल, टू व्हील तयार हाय, दिसायला सेम टू सेम.’ दिसायला सारखीच, हे खरं होतं. मी उठून आले.

दुसरी गोष्ट लो रेंज. फोर बाय फोरच्या लिव्हरवर किंवा बटणावर साधारणपणे तीन जागा असतात: टू-एच (दोन चाकं, हाय), फोर-एच (चार चाकं, हाय), फोर-एल (चार चाकं, लो). शेवटची ती लो. त्यात चाकं सावकाश फिरतात, पण जोर कितीतरी पटीनं वाढतो. जिमनीचं इंजिन १३४ न्यूटन मीटर टॉर्कचं आहे, थारच्या मोठ्या डिझेलचं ३०० चं. आकडे बघून मी घाबरले होते. पण लो मध्ये पहिल्या गिअरला लहान इंजिनही चढ शांतपणे चढतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शांतपणे उतरतं. ओल्या जांभ्यावर उतार उतरताना ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन गाडी घसरते. लो मध्ये पाय ब्रेकवरून काढून घ्यायचा आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. काही गाड्यांवर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ लिहिलेलं असतं पण लो रेंज नसते. अशी गाडी पावसातल्या घाटरस्त्यावर चांगली, धनगरवाड्याच्या वाटेला पुरत नाही.

एक सूचना इथंच. या बहुतेक गाड्यांत फोर बाय फोर ‘पार्ट टाइम’ असतं, म्हणजे पुढचा आणि मागचा अॅक्सल, चाकांचे दोन्ही आस, एकमेकांना घट्ट जोडले जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते चालू ठेवून वळणं घेतली की आतल्या भागांवर ताण येतो. कोरडा रस्ता लागला की टू-एच वर यायचं.

एक चाक हवेत गेल्यावर काय होतं

पुढचा मुद्दा सेल्समनला विचाराल तर तो चटकन पुढं सरकतो, म्हणून मी इथं थांबते.

पाणंदीला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात. एक चाक चाकोरीत जातं, दुसरं बांधाच्या अंगावर चढतं आणि समोरच्या बाजूचं तिसरं चाक जवळजवळ हवेत लोंबकळतं. साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ते ज्या चाकाला विरोध कमी त्यालाच फिरवतं. म्हणजे हवेतलं चाक गरगरतं आणि जमिनीवरचं उभं राहतं. माझ्या जुन्या गाडीचं तेच झालं होतं. फोर बाय फोर असूनही पुढचं एक आणि मागचं एक अशी तिरपी दोन चाकं हलकी झाली तर गाडी अडकू शकते.

यावर उपाय दोन तऱ्हेचे. पहिला ब्रेकचा: एबीएसचे सेन्सर गरगरणारं चाक ओळखतात, गाडी आपणहून त्या चाकाला ब्रेक लावते आणि जोर दुसरीकडं वळतो. जिमनीत हे आहे. दुसरा खरा लॉक: मागच्या किंवा पुढच्या अॅक्सलची दोन्ही चाकं एकमेकांना जखडतात, एक फिरलं की दुसरं फिरणारच. गुरखात पुढं आणि मागं दोन्हीकडं असे लॉक कारखान्यातून येतात. काही गाड्यांत हा लॉक विशिष्ट पायरीवर किंवा विशिष्ट इंजिनाबरोबरच येतो आणि ही विभागणी अधूनमधून बदलते, म्हणून ज्या दिवशी बुक कराल त्या दिवशीचं माहितीपत्रक हातात धरून विचारा: ‘या व्हेरियंटला डिफरन्शियल लॉक आहे का, कुठल्या अॅक्सलला, आणि तो ब्रेकवर चालतो की दातांवर?’ उत्तर ‘सगळं आहे मॅडम’ असं आलं तर वर्कशॉपमधल्या सिनिअर मिस्त्रीला बोलवायला सांगा.

ब्रेकच्या पद्धतीत अॅक्सिलरेटर दाबून धरावा लागतो. चाक थोडं गरगरल्याशिवाय ती जागी होत नाही, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच घाबरून पाय काढतो. मला ते शिकायला दोन रविवार लागले. माझ्या वाटांना ती पद्धत पुरते. दाजीपूरच्या बाजूला दगडगोट्यांच्या ओढ्यांतून रोजचं काम असतं, तर मी खऱ्या लॉकसाठी पैसे मोजले असते आणि दुसऱ्या पायरीच्या सगळ्या शोभेवर पाणी सोडलं असतं.

टायरच्या बाजूवरचे आकडे

टायरवर २५५/६५ आर १८ असं लिहिलेलं असतं. २५५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के टायरच्या भिंतीची उंची, १८ म्हणजे चाकाचा इंचातला व्यास. भिंत झाली १६६ मिलिमीटरच्या आसपास. आता २०२० च्या थारच्या खालच्या पायरीचा आकडा घ्या: २४५/७५ आर १६. भिंत १८४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कमी पैशाच्या पायरीला रबर जास्त. रॉक्सच्या वरच्या एएक्स७एलला १९ इंची चाक येतं, २५५/६० आर १९, भिंत १५३. जिमनीचं १९५/८० आर १५, तिचं गणित तुम्ही करून बघा.

भिंत उंच असेल तर दगडाचा घाव रबर सोसतं, रिम नाही. शिवाय चिखलात मी हवा कमी करते, २० पीएसआयपर्यंत, म्हणजे टायर पसरून जास्त जागा धरतो. भिंत बुटकी असेल तर एवढी हवा काढायची सोय नाही, रिम जमिनीला लागते. हवा काढली की डांबरीवर येताच परत भरायची, म्हणून १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर माझ्या सीटखाली कायम असतो. ही वस्तू शोरूमच्या अॅक्सेसरीच्या यादीत शोधू नका, बाजारातून घ्या.

चाकं अलॉयची की लोखंडी डिस्कची? लोखंडी डिस्क दगडावर आपटली तर वाकते, आणि बाजारभोगावच्या पंक्चरवाल्याकडंसुद्धा हातोडी आहे. अलॉय जोरात आपटलं तर तडा जातो आणि ट्यूबलेसची हवा धरत नाही. या एका कारणासाठी मी जिमनीची खालची पायरी, झेटा, मनात पक्की करून गेले होते. झेटाला डिस्क येतात, अल्फाला अलॉय.

आणि घेतली अल्फा. कारण सांगते.

टेस्ट ड्राइव्ह मी दोनदा मागितली, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. दुसरी द्यायला ते खळखळ करत होते, मी हट्ट धरला. आमच्याकडं नोव्हेंबरपासून ऊस वाहतूक सुरू होते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर डोंगराएवढा ऊस, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला. कळ्याच्या पुढं अशी ट्रॉली अचानक समोर उभी ठाकते. माझ्या ओळखीची दोन घरं अशा धडकेनं उजाड झालेली मी पाहिली आहेत. अल्फाला एलईडी हेडलाइट येतात आणि त्यांच्यावर पाणी मारणारे वॉशर. चिखलातून निघालेल्या गाडीचे दिवे पाच मिनिटांत लाल थराखाली जातात, आणि भर पावसात दर दोन किलोमीटरला उतरून फडकं मारणं मी जुन्या गाडीत बावीस वर्षांच्या नोकरीइतकं केलंय. हेडलाइट बदलायचा म्हणजे वायरिंगला हात लागतो आणि वायरिंग कापलं की वॉरंटीचा वाद सुरू होतो. म्हणजे दिवे पहिल्या रकान्यातले, ‘नंतर होणार नाही’. चाकं दुसऱ्या रकान्यातली. मग हिशेब उलटा झाला: अल्फा घ्यायची आणि त्याच मापाच्या चार लोखंडी डिस्क वेगळ्या घ्यायच्या.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या गाडीला डिस्क आणि ऑल टेरेन टायर चढतात, दिवाळीनंतर अलॉय आणि मूळचे टायर. उरलेला संच जिन्याखाली पोत्यात. टायरचं माप मी बदललं नाही, ऑल टेरेन त्याच मापात मागवून घेतले, आठवडाभर थांबावं लागलं. मोठे टायर घालून गाडी रुबाबदार दिसते, पण स्पीडोमीटर चुकतो, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते.

डिझेल, गिअर आणि रुंदी

डिझेलचा मोह मलाही होता. पण माझं काम बघा: चार किलोमीटर जायचं, बंद, अर्धा तास गोठ्यात, पुन्हा दोन किलोमीटर. बीएस६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी पकडणारी जाळी असते, डीपीएफ. ती तापून स्वच्छ व्हायला गाडी सलग काही वेळ वेगात पळावी लागते. सारखी चालू-बंद होणाऱ्या गाडीत ती तुंबते. तुमचं रोजचं जाणं-येणं कोल्हापूर-सांगली, कोल्हापूर-निपाणी असं असेल तर डिझेल घ्या, निर्धास्त घ्या. माझ्यासारखं असेल तर पेट्रोल. महाराष्ट्रात डिझेलचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे, तोही हिशेबात धरा. दहा ते वीस लाखांच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलला १२ आणि डिझेलला १४ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतलीत तर दर आणखी चढतो.

ऑटोमॅटिक चिखलात वाईट नसतं. उलट क्लच जळायची भीती नाही आणि नवख्याला सोपं. मी मॅन्युअल घेतली ती दोन गोष्टींसाठी: लो मध्ये उतार उतरताना माझा गिअर माझ्या हातात हवा, आणि बॅटरी उतरली तर चार माणसांनी ढकलून गाडी सुरू व्हायला हवी. वाड्यावर चार माणसं रात्री दोनला पण मिळतात. माझ्या भावानं मात्र ऑटोमॅटिक घेतली, त्याचा गुडघा दुखतो, आणि तो सुखी आहे.

रुंदीकडं कुणी बघत नाही. जिमनी १६४५ मिलिमीटर रुंद, तीन दारांची थार १८२०, रॉक्स १८७०. पाणंदीत समोरून बैलगाडी आली तर हे सतरा ते बावीस सेंटिमीटर म्हणजे बांधावर चढायचं की नाही एवढा फरक. बुकिंगआधी आपल्या वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा टेपनं मोजा. मी साळवणच्या पुढच्या एका साकवावर जाऊन मोजली. आणि दोन्हीकडून उसाची पाती घासतात, गडद रंगावर ते ओरखडे केसासारखे चमकतात. मी पांढरा रंग घेतला.

सामानाचंही तसंच. जिमनीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटरची. आकड्यावर विसंबू नका, आपलं सामान घेऊन जा. मी औषधांची पेटी, अडलेलं वासरू ओढायच्या दोऱ्यांची बादली आणि कृत्रिम रेतनासाठी लागणारा तीन लिटरचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर नेला होता. कंटेनर उभाच राहायला हवा आणि त्यातून वायू सतत सुटतो, म्हणून काच थोडी उघडी ठेवूनच प्रवास करायचा. मागची एक सीट दुमडली तर सगळं बसतं, हे शोरूमच्या फरशीवर ठरलं. चौघांचं कुटुंब रोज बसणार असेल आणि सामानही असेल तर मात्र ही गाडी लहान पडेल. रॉक्स किंवा पाच दारांची गुरखा बघा.

सीटचा रंग हा माझ्यासाठी चैनीचा प्रश्न नाही, शेणाचा आहे. रॉक्स आली तेव्हा आत पांढुरक्या आयव्हरी रंगाचीच होती, पुढं फोर बाय फोरला तपकिरी मोकाचा पर्याय आला. दोन रंगांची सोय असेल तर बुकिंग फॉर्मवर आतला रंगही लिहून घ्या, बाहेरचा लिहिला की काम झालं असं समजू नका. कापडी सीट असेल तर वर धुता येणारं रेक्झिन कव्हर चढवा. सीटच्या बाजूनं एअरबॅग फुगणार असेल तर कव्हरला त्या जागी शिवण मोकळी हवी, हे शिवणाऱ्याला आठवणीनं सांगा.

ज्याला मी नाही म्हटलं

सनरूफ नको. पाती, धूळ, भिजलेला पाचोळा त्याच्या कडेच्या पन्हाळीत साठतो, पाणी जायची भोकं तुंबतात आणि ते पाणी आत उतरतं. पुढचा मोठा लोखंडी गार्ड तर नकोच. केंद्रीय वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि समोरच्या पायी माणसाला तो जीवघेणा ठरतो. बाहेरून स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी, बसवायचाही विचार सोडला. गुरखाला तो कारखान्यातून येतो, तिची पाण्यातून जायची मर्यादा ७०० मिलिमीटर सांगितलेली आहे, थारची ६५०. पण हे आकडे साचलेल्या पाण्याचे. वाहत्या पाण्यात त्यांचा उपयोग नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते त्या दिवशी आमच्याकडचे बरेच रस्ते बंद झालेले असतात, आणि अशा रस्त्यावर कुठलीच गाडी घालायची नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यानं पाहिला त्याला हे समजावून सांगायला नको.

गाडीची मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. ‘नंतर बाहेरून करून घेऊ’ असं कुणी चेसिस, सस्पेन्शन, इंजिन याबद्दल म्हणालं तर ऐकू नका. जे हवं ते कारखान्यातून येणाऱ्या पायरीतच शोधा.

जे घेतलं ते थोडकं. जाड रबरी मॅट, ज्यांच्या कडा उभ्या आहेत. पोटाखालचा पत्रा कंपनीचा आहे का हे वाकून पाहिलं. पुढं-मागं ओढायचे हुक कुठं आहेत आणि ते खरे चेसिसला जोडलेले आहेत का, हे मिस्त्रीकडून दाखवून घेतलं. आणि एक चांगला ओढायचा पट्टा, आणि तो अडकवायच्या दोन कड्या, शॅकल.

कागद

कोटेशन एका आकड्यात घेऊ नका. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, अॅक्सेसरी अशी प्रत्येक ओळ वेगळी मागा. मला एकीकडं ‘एसेन्शियल किट कंपल्सरी आहे’ असं सांगितलं होतं. ते तसं लिहून द्या म्हटल्यावर ओळ खोडली गेली. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, घेतात, तो तुमचा बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता करता येतो. पावती जपून ठेवा.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून दोन दर काढा आणि मग बोला. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांची झीज न कापता भरपाई देणारा विमा, घेतलाच पाहिजे, पण कोल्हापूरकरानं त्याबरोबर इंजिन प्रोटेक्शनही घ्यावं. साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलं तर ते पदरात पडत नाही. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग क्लेमचाही घोळ होतो. उतरायचं, ढकलायचं, टोइंग बोलवायचं.

बुकिंग फॉर्मवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या: इंधन, गिअर, फोर बाय फोर, पायरी, बाहेरचा-आतला रंग, बुकिंगची रक्कम परत मिळायची अट. माझ्या भावाच्या फॉर्मवर नुसतं मॉडेलचं नाव होतं आणि गाडी आली ती वेगळ्या गिअरची. दीड महिना पुन्हा वाट पाहणं त्याच्या वाट्याला आलं.

नोंदणी होऊन एमएच-०९ चा नंबर पडण्याआधी गाडी यार्डात जाऊन बघा, भर उजेडात. चेसिस नंबर कागदाशी जुळवा. फॉर्म २२ वर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत असतात, ३२२५ म्हणजे २०२५ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. पाचवा, मागच्या दारावरचाही बघा. फोर-एल तिथंच एकदा घालून दोन गाडीलांबी चालवून पाहा आणि परत टू-एच ला आणा. दिवा लागतो, विझतो, हे डोळ्यांनी बघा.

गाडी घरी आली की पूजा करा, पेढे वाटा, पण पहिला मोठा पाऊस यायच्या आत एक मोकळं शेत शोधा, मालकाला विचारून. राधानगरीच्या अभयारण्यात किंवा मसाईच्या पठारावर शिकायला जाऊ नका. त्या पठाराच्या पातळ मातीवर पावसाळ्यात जी फुलं येतात ती एका चाकोरीनं वर्षानुवर्षं जातात. मी वडणग्याच्या एका पाहुण्याच्या नांगरलेल्या रानात शिकले. त्यानं पाट फोडून एका कोपऱ्यात चिखल करून दिला आणि ट्रॅक्टर जवळ उभा ठेवला. हवा २० वर, फोर-एल, पहिला गिअर, अंगठा स्टीअरिंगच्या आत नाही तर बाहेर, कारण चाक दगडाला लागून झटका देतं. पहिल्या तासात ट्रॅक्टर दोनदा लागला, दुसऱ्यात एकदा.

त्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये त्याच धनगरवाड्यावरून फोन आला. रात्रीचा एक. चढाच्या खाली मी थांबले, हवा काढली, लो घातला. गोठ्यात पोचले तेव्हा म्हशीची पाण्याची पिशवी फुटून अर्धा तासच झाला होता.